डावीकडून दाखवलेली मकडी

मकडीचा उजवीकडचा तिसरा पाय मी तोडला. माझ्या बायकोने नाही. एवढं बोलायला मला पाच महिने लागले आणि लिहायला आणखी दोन. मी कमी बोलतो असं लोक म्हणतात, आणि त्याचा मला आयुष्यभर फायदाच झाला. कमी बोलणारा माणूस खरंच बोलत असणार, असं सगळे धरून चालतात.

मी भंडाऱ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो आणि नदीच्या अलीकडे कारधा गावात राहतो. मकडी माझ्या मुलीची. मुलगी नागपूरला प्राणिशास्त्र शिकते. तिच्या खोलीवरची काचेची पेटी घरमालकिणीच्या नजरेस पडली आणि एक तर ती राहील नाहीतर तू, असा निकाल लागला. म्हणून एका रविवारी मुलगी पेटी मांडीवर घेऊन बसने घरी आली. मकडी म्हणजे कोळी, पण ही आपल्या छताच्या कोपऱ्यातली नव्हे. दूरदेशीच्या कोरड्या मुलखातली, तळहाताएवढी, अंगभर केस असलेली. टॅरेंटुला. तिची रीतसर नोंदणी आहे, कागद या फाईलीत आहेत, असं मुलीने येताच सांगितलं. मी शिस्तीचा माणूस, त्यामुळे तिच्या सगळ्या बोलण्यातली ही एकच गोष्ट मी नीट ऐकली.

बाकीचं तिने हॉलमध्ये बसून तासभर समजावलं. माती कोरडी ठेवायची, पाणी फक्त कोपऱ्यातल्या वाटीत. पेटीत माती मुद्दाम वरपर्यंत भरलेली आहे, झाकणाखाली वीतभरच जागा आहे, ती तेवढीच ठेवायची. कारण ही जमिनीवर राहणारी जात. काचेवर चढते, पण चढणं तिला धड जमत नाही, आणि उंचावरून पडली तर पोट फुटून मरते. झाकणाला जाळी लावायची नाही, नख्या अडकतात. बायको तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात आमच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत होती. मकडीकडे बघणारही नाही, असं तिने आधीच जाहीर केलं होतं. मुलगी मला म्हणाली, बाबा, लिहून देऊ का? मी म्हणालो, मी सायन्सचा मास्तर आहे बाई.

आमची चार बांध्या, म्हणजे बांध घातलेले चार तुकडे, धानाची शेती आहे. आता भाऊ करतो, पण माझे हात त्याच चिखलातले. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत बांधीतली माती कोरडी दिसली की आमच्याकडच्या माणसाच्या जिवाची घालमेल होते. माती म्हटलं की ती ओली पाहिजे, पायाखाली पचपच वाजली पाहिजे. हे मला कोणत्या पुस्तकाने शिकवलं नाही, त्यामुळे कोणत्या पुस्तकाने ते जातही नाही. मुलगी परत गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी पेटीत बोट घालून पाहिलं. माती भुरभुरीत. मला वाईट वाटलं. मी तांब्याभर पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी मकडी काचेवर चढलेली. त्याच्या पुढच्या दिवशीही. पाय टेकायला कोरडी जागा उरली नव्हती म्हणून ती वर चढत होती, हे आज मला कळतं. तेव्हा मला वाटलं, पोरीने हिला पुस्तकात वाचून उगाच जमिनीवरची ठरवली, हिला तर चढण्याची हौस आहे. फोनवर मी मुलीला सांगितलं, मस्त आहे, व्यायाम करून राहिली. हौस आहे तर उंची पाहिजे, म्हणून मी अर्धी माती घमेल्यात काढून ठेवली. ओलाव्याने काचेवर आतून वाफ धरायला लागली, तेव्हा तिला हवा कमी पडते असं निदान केलं. झाकण काढलं आणि जुन्या मच्छरदाणीचा तुकडा वर ताणून रबर लावला. मुलीने जे जे करू नका म्हणून सांगितलं होतं ते मी आठवडाभरात, एकही न वगळता, स्वतःच्या बुद्धीने शोधून काढून केलं. वर्गात एवढं अचूक उलट उत्तर लिहिणारा विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही.

त्या दुपारी शाळेला सुट्टी होती. मी पेटीपाशी गेलो तर मकडी मच्छरदाणीला खालून लोंबकळत होती. एका पायाच्या नख्या जाळीत गुंतलेल्या आणि बाकीचे सात पाय हवेत काहीतरी शोधत होते. खाली उरलेल्या ओल्या मातीपर्यंत मीच केलेली पोकळी. मी घाबरलो. घाबरल्यावर माणसाचं खरं शिक्षण दिसतं. मी एका हाताने जाळी धरली आणि दुसऱ्या हाताने, फडक्यातून, मकडीला खाली ओढलं. पाय जाळीतच राहिला. मकडी माझ्या फडक्यात आली आणि तिथून निसटून ओल्या मातीवर पडली.

बायको धावत आली. तिने आधी जाळीतला पाय पाहिला, मग मला.

"कैचीनं जाळी कापाची होती ना," ती म्हणाली. "तिले कायले ओढलं?"

  जिच्याकडे बघणार नव्हती तिला बायकोने एका रिकाम्या डब्यात हळूच सरकवलं. घमेल्यातली माती आणि पेटीतली माती अंगणात चादरीवर पसरून उन्हात वाळवली. मग ती पेटीत पुन्हा वरपर्यंत भरली आणि झाकणापर्यंतचं अंतर स्वतःच्या वितीने मोजलं. त्या दिवशी पाठमोरी बसून तिने सगळं ऐकलं होतं. जखम आपोआप बंद झाली. दोन दिवस मकडी कोपऱ्यात बसून होती, तिसऱ्या दिवशी तिने झुरळ खाल्लं. मकडीचं खाणं म्हणून मुलीने दिलेली ही झुरळंही बायकोच सांभाळत होती, पेढ्यांच्या डब्यात, गाजर घालून. सबंध संसारात जिने झुरळ दिसलं की चप्पल उचलली, ती आता झुरळांना गाजर नीट किसून मिळतं का हे पाहायची.

मुलगी दर रविवारी व्हिडिओ कॉल करायची. मी मोबाईल हातात घेऊन मकडी फक्त डावीकडून दाखवायला लागलो. मकडी फिरली की मीही पेटीभोवती फिरायचो. एकदा तिने उजवी बाजू समोर केली, तेव्हा मी नेट गेलं म्हणून फोन बंद केला. सातवीच्या वर्गात 'कोळ्याला पाय किती' हा प्रश्न त्या आठवड्यात होता. मी तो धडा पुढच्या सोमवारवर ढकलला.

पाच-सहा रविवार असे गेले. मग एकदा कॉल चालू असतानाच मकडी काचेवर चढली आणि पोट आमच्याकडे करून पसरली. त्या अवस्थेत डावं-उजवं काही उरत नाही. मुलीने मोजले.

"बाबा, सातच पाय आहेत. काय झालं?"

आणि मी म्हणालो, "तुझ्या आईनं पेटी पुसाले झाकण काढलं होतं. घाईत अडकला."

खोटं मी आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून ते एवढं सरळ, साधं निघालं की क्षणभर मलाच पटलं. बायको दारात उभी होती, हाताला कणीक. मुलीने तिला फोनवर बोलावलं आणि विचारलं, आई, तुले हात लावू नको म्हटलं होतं ना? बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी मकडीकडे पाहिलं.

"हो बाई," बायको म्हणाली. "चुकलं."

तिने माझी बाजू का राखली हे मी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने उत्तर दिलं असतं, आणि मला ते नको होतं. त्यानंतर मुलगी आईशी तुटक बोलायला लागली. जेवलीस का, बरी आहेस का, बाबांना दे. मग एका रविवारी तिने मला सांगितलं की परीक्षा झाली की ती येऊन मकडीला घेऊन जाणार, एका मैत्रिणीच्या घरी ठेवणार. आईवर तिचा भरवसा उरला नव्हता.

हे ऐकून मी बायकोला सांगितलं. ती बरं म्हणाली आणि पेटीतली पाण्याची वाटी धुवायला घेऊन गेली. एव्हाना ती मकडीला पाहुणी म्हणायची. भाजी चिरताना तिच्याशी बोलायची, आज ऊन नाही बाप्पा, आज तुले थंडी वाजत असन. मुलगी नागपूरला गेल्यापासून घरात एवढं बोलणं मी ऐकलं नव्हतं. माझ्याशी बोलून फारसा उपयोग नसतो, हे तिला पूर्वीपासून माहीत आहे.

खोटं घरात राहिलं असतं तरी एक वेळ ठीक. पण मी ते बाहेर नेलं. स्टाफरूममध्ये कोणीतरी मकडीची चौकशी केली, तेव्हा मी किस्सा सांगितला, रंगवून, बायकोच्या हाताला लागलेल्या कणकेसकट. लोक हसले. मी कमी बोलणारा, मला हसवायला जमलं याचा मला आनंद झाला. मग तोच किस्सा बहिणीला सांगितला, साळ्याला सांगितला, भावाला सांगितला. किस्सा बुद्धविहारातही पोचला. दर रविवारी सकाळी आम्ही दोघं विहारात जातो. बायका तिला हसत विचारायच्या, वहिनी, मकडीचे पाय बरोबर आहेत ना? ती हसायची. मग सगळ्यांसोबत पंचशील म्हणताना चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शीलाशी माझा आवाज खाली यायचा. शेजारच्या काकांनी एकदा मला खोकल्याची गोळी दिली.

हिवाळ्यात मकडीने खाणं सोडलं आणि एके दिवशी उलटी पडून राहिली, पाय वर. मला वाटलं, गेली. मी हात घालणार तेवढ्यात बायकोने मनगट धरलं. कात टाकत आहे, म्हणाली, पोरीने सांगितलं होतं. ती दिवसभर पेटीशेजारी बसून राहिली आणि मला त्या खोलीत येऊ दिलं नाही. संध्याकाळी मकडी जुन्या कातेतून बाहेर आली, तर उजवीकडे तिसरा पाय होता. बाकीच्यांपेक्षा बारीक, थोडा आखूड, पण होता. आठ.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं तेही सांगतो, सांगायलाच बसलो आहे तर. मनात आलं, सुटलो. पाय आला, आता बोलायची गरज काय.

मुलगी परीक्षा आटोपून आली, हातात प्रवासाचा छोटा डबा घेऊन. पेटीत वाकून तिने नवा पाय पाहिला, खूश झाली आणि मैत्रिणीला फोटो पाठवला. आईला काही म्हणाली नाही. बायकोने झुरळांचा पेढ्यांचा डबा फडक्यात बांधून दिला आणि यांना गाजर किसून दे, मोठे तुकडे खात नाहीत, एवढं सांगून आत गेली. भांड्यांचा आवाज सुरू झाला. धुतलेलीच भांडी ती पुन्हा धूत होती. मुलीने मकडीला डब्यात घेतलं.

मी म्हणालो, थांब जरा. मग मी ओलावा, बाष्प आणि वायुवीजन यांविषयी बोलायला सुरुवात केली. मुलगी डबा धरून ऐकत होती. दोन-तीन मिनिटांनी ती म्हणाली, बाबा, तुमी काय सांगून राहिले?

"पाय मी तोडला," मी म्हणालो. "पाणी मी टाकलं, माती मी काढली, जाळी मी लावली. तुझ्या आईनं तिले वाचवलं."

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

 मुलीने एकच विचारलं, पाणी काहून टाकलं. मी म्हणालो, कोरडी माती पाहवली नाही. ती माझ्याकडे अशी पाहत राहिली की मला वाटलं हसेल. ती हसली नाही. डबा टेबलावर ठेवून स्वयंपाकघरात गेली. आत दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, आणि त्यांनी ते मला सांगितलेलंही नाही. बाहेर आल्यावर तिने मकडी पेटीत परत सोडली आणि झाकण आईला लावायला सांगितलं.

मुलीने मला माफ केलं का, हे मला माहीत नाही. हल्ली ती फोन आईच्याच मोबाईलवर करते आणि तासभर करते. शेवटी मला विचारते, बाबा, हात नाही ना लावला?

बायकोचं मात्र स्पष्ट होतं. मुलगी नागपूरला परत गेली त्या दुपारी तिने मोबाईल माझ्यासमोर ठेवला आणि शेजारी बसली.

"तिले सांगितलं, बरं केलं," ती म्हणाली. "आता ज्याइले ज्याइले हसवलं, त्याइलेही सांगा."

मी पहिला फोन बहिणीला लावला. सगळं ऐकून ती म्हणाली, मले तवाच वाटलं होतं, वहिनीच्या हातून तं कधी भातही करपला नाही. मी फोन ठेवला. बायकोने विचारलं, काय म्हणाली? मी सांगितलं. तिने मान हलवली आणि माझ्या साळ्याचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.