झोपमोड बाई

आमच्या दवाखान्यातल्या, लहान मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरीणबाईंना आया पाठीमागे 'झोपमोड बाई' म्हणतात. गाढ झोपलेलं तान्हं बाळ समोर आलं की बाई त्याचं दुपटं सोडणार, लंगोट सैल करणार आणि दोन्ही जांघांत बोटं ठेवून नाडी शोधणार. बाळ दवाखाना डोक्यावर घेतं. आज्या कुरकुरतात, "दाखवायची छाती, आणि ही बाई पाय काय चाचपते?" मी तिथली नर्स. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी जन्मतःच अरुंद असली तर छातीचे ठोके नीट ऐकू येतात पण पायांची नाडी लागत नाही, हे समजावून समजावून माझ्या तोंडाला फेस आलाय.

बाईंना हे तेव्हाही माहीत होतं. भाचीचं पहिलं बाळ बघायला त्या गेल्या, तेव्हा ते नुकतंच झोपलं होतं आणि भाची रात्रभर जागलेली होती. बाईंनी अंगड्यावरूनच ठोके ऐकले, "छान आहे" म्हणाल्या आणि मावशीच्या मायेनं पांघरूण सारखं केलं. नेमकी तीच वाहिनी अरुंद होती. आठवड्याच्या आत बाळ गेलं. भाची त्यांना एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

काल ती दुसरं बाळ घेऊन आली. तेही झोपलेलं. बाईंनी हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. मग भाचीनंच दुपटं सोडलं, लंगोट काढला आणि बाळाच्या तळव्याला टिचकी मारली.

"मावशी," ती म्हणाली, "आता बघ."