रामवाडीत रोह्याचं वायफाय

भाचीनं रोह्याचं सासर सोडलं आणि ती पेणला, रामवाडीत आईकडे राहायला आली. तिची आई म्हणजे माझी थोरली बहीण, शाळेतून निवृत्त झालेली, घरात एकटीच. मी रोह्याला लागून असलेल्या वरसे इथे राहते आणि रोह्यातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. भाचीचं सासर जवळच असल्यामुळे तिकडचं मला बरंच दिसत होतं. तिचा नवरा कधी आवाज चढवायचा नाही. तू कुठे गेली होतीस, कुणाशी बोलत होतीस, भाजी आणायला एवढा वेळ का लागला, हे तो जेवताना हसत हसत विचारायचा. त्या हसण्याचीच तिला धास्ती होती.

पेणला तिला एका दवाखान्यात काम मिळालं. थोडे दिवस शांत गेले आणि मग नवऱ्याचे मेसेज सुरू झाले. त्यात शिवी नाही, धमकी नाही. ‘आज सुट्टी घेतलीस वाटतं.’ ‘आलीस वाटतं घरी.’ आणि दरवेळी ते खरं असायचं. तिच्या वकीलबाईंनी नंबर बदलू नकोस, मेसेज जपून ठेव, असं सांगितलं होतं, म्हणून ती नुसती वाचत राहायची.

ताईचा संशय समोरच्या काकूंवर गेला. त्या दिवसभर ओट्यावर बसलेल्या असत. ताईनं त्यांच्याशी बोलणं सोडलं, समोरची खिडकी बंद ठेवायला सुरुवात केली. मेसेज येतच राहिले.

एका रविवारी दुपारी मी तिकडे गेले होते. जेवणं झाली आणि लाइट गेली. पंखा थांबला, पुढच्या खोलीतल्या राउटरचे दिवे विझले. भाची मागच्या खोलीत फोन घेऊन पडली होती. ती तिथूनच म्हणाली, “मावशी, लाइट गेलीय ना? मग माझं वायफाय कसं चालू?”

मी फोन हातात घेतला. वायफायची खूण भरलेली होती. खालचं नाव मी दोनदा वाचलं. लग्नानंतर तिच्या नवऱ्यानं दोघांच्या नावांची अक्षरं जोडून ठेवलेलं, त्यांच्या रोह्याच्या घरातल्या वायफायचं नाव होतं ते.

“हे तर तिकडचं आहे,” ती उठून बसली. “इथे कसं येईल?”

मी हे दरवर्षी वर्गात शिकवते. राउटर आपलं नाव सतत हवेत सांगत असतो. फोननं एकदा ते नाव आणि पासवर्ड लक्षात ठेवला, की पुन्हा तो विचारत नाही, आपोआप जोडला जातो. आणि जोडला गेला की राउटरच्या मालकाला आपल्या फोनवर दिसतं, की हा फोन आला, हा गेला. ताईच्या राउटरची रेंज मागच्या खोलीत जेमतेम पोचायची. त्यामुळे भाची तिथे गेली, की तिचा फोन गुपचूप या जुन्या नावाला जाऊन चिकटत होता. नेट चालतंय म्हटल्यावर नाव कोण बघतं?

पण मला भीती वाटली ती रेंजची. घरातला राउटर दोन-चार भिंतींपलीकडे पोचत नाही. रोह्याहून तर नाहीच नाही.

“तो राउटर इथे आणलाय,” मी म्हटलं. “अगदी जवळ.”



भाचीच्या फोनचं वायफाय मी बंद केलं. माझ्या फोनच्या यादीतही ते नाव दिसत होतं. भाची आणि मी बाहेर पडलो. पुढच्या गल्लीत शिरलो तशा नावापुढच्या रेघा कमी झाल्या, घरामागच्या बोळात आलो तशा रेघा वाढत गेल्या. बोळाच्या टोकाला गणपतीचा कारखाना आहे. तिथे रेघा पूर्ण भरल्या. आत पांढऱ्या मूर्ती ओळीनं ठेवलेल्या, कुणाचेच डोळे अजून आखलेले नव्हते. कारखानदार इन्व्हर्टरच्या दिव्याखाली बसून काम करत होते; त्याचीच वायर वरच्या खोलीत गेलेली होती.

“वरती कुणी राहतं का?” मी विचारलं.

“व्हय, भाडेकरू हाय. कंपनीत शिफ्टला जातो. माणूस चांगला. आवाज नाय, काय नाय. खिडकीशी बसलेला असतो.”

मी फोनमधला भाचीच्या लग्नाचा फोटो दाखवला.

“हाच की! तुमच्यातले काय?”

तेवढ्यात भाचीच्या हातातला फोन वाजला. तिनं वाचलं आणि फोन माझ्यापुढे धरला. ‘मावशी आल्यात वाटतं. वर या ना, चहा घेऊ.’

मी वर पाहिलं. खिडकीचा पडदा अर्धा सरकलेला होता आणि तिथून ताईची मागची खोली सरळ दिसत होती. आम्ही जिना चढलो नाही. भाचीचा दंड धरून मी तशीच पोलीस ठाण्यात गेले.

पोलिसांनी त्याला बोलावलं. तो तिथेही हसतच होता म्हणे. खोली भाड्याची, राउटर माझा, बायकोच्या जवळ राहावंसं वाटलं, यात गुन्हा कसला? त्यांनी मेसेज पाहिले, तक्रार लिहून घेतली, त्याला समज दिली. आठवडाभरात त्यानं खोली सोडली. कुठे गेला, ते कारखानदारांनाही माहीत नव्हतं. ताई काकूंकडे जाऊन रडून आली.

भाची आता पनवेलला मुलींच्या हॉस्टेलवर राहते. फोनमधून ते नाव मी स्वतः पुसून टाकलं. तरी नव्या जागी गेली, की आधी ती आजूबाजूच्या वायफायची यादी उघडते.

परवा तिचा फोन आला. “इथे कुठेच दिसत नाही गं मावशी.”

“मग झालं तर.”

“त्यानं नाव बदललं असेल तर?”