कोवळं ऊन आणि माझे हात

"गाठ कॅन्सरची नाही," अकोल्याच्या डॉक्टरबाई म्हणाल्या आणि मला तिथंच रडू फुटलं. मग त्या म्हणाल्या, "पण तशीच ठेवली, तर उजव्या डोळ्याची नजर जाईल."

चांदूर रेल्वेजवळ आमचं फुलांचं वावर आहे. उजव्या डोळ्याला दाराची चौकट वाकडी दिसायला लागली, तेव्हा मला वाटलं नंबर वाढला. चष्मा करायला अमरावतीला गेले, तर तिथून थेट अकोल्याला पाठवलं.

डोळ्याची सोनोग्राफी झाली, शिरेतून रंग सोडून फोटो काढले. आजाराचं नाव कोरॉइडल हेमॅन्जिओमा. म्हणजे डोळ्याच्या पडद्यामागे रक्तवाहिन्यांची गाठ. तिच्यातून पाणी झिरपतं आणि पडदा उचलला जातो.

उपचार फोटोडायनॅमिक थेरपीचा. हाताच्या शिरेतून औषध देतात आणि ते गाठीत पोचलं की डोळ्यात लेझरचा प्रकाश सोडतात. त्या प्रकाशानं औषध कामाला लागतं आणि गाठीच्या वाहिन्या बंद होतात. दुखलं म्हणाल तर काहीच नाही. बाहेर बाकावर वाट बघत बसून कंबर दुखली तेवढीच.

पथ्य मात्र नंतर. औषध काही दिवस अंगात राहतं, ऊन पडलं की कातडी पोळते. "पाच दिवस उन्हात यायचं नाही. घरातला साधा उजेड चालेल," डॉक्टरबाईंनी बजावलं.

नेमका दसरा तोंडावर आलेला. झेंडूची तोडणी चालू, आणि मी धडधाकट बाई खाटेवर! सासूबाई गुडघे धरत वावरात जायच्या, आल्या की मलाच ताट वाढायच्या. घास गिळवत नव्हता.

"आई, मले लाज वाटते हो."

"चूप बस. डोया गेल्यावर काय करशीन?"

एका सकाळी राहवलंच नाही. आमच्याकडे जपायचं ते दुपारच्या उन्हाला. सकाळच्या कोवळ्या उन्हात तर आम्ही लेकरं शेकतो. तोंडाला दुपट्टा गुंडाळला, काळा चष्मा लावला आणि सासूबाईंच्या शेजारच्या ओळीत जाऊन तोडायला लागले. त्या ओरडल्या, मी ऐकलं नाही. हात उघडेच होते. काय माझी अक्कल!

दुपारी हात लाल झाले, दिवस बुडता बुडता फोड आले. नवऱ्यानं फुलांची गाडी तशीच सोडून मला अकोल्याला नेलं. डोळ्याचं काही बिघडलं तर नसेल, या धास्तीनं मी वाटभर डावा डोळा झाकून उजव्यानं बघत होते. डॉक्टरबाईंनी डोळा तपासला आणि म्हणाल्या, "डोळा ठीक आहे. पण सकाळचं ऊनही ऊनच असतं, बाई." तोडायची राहिलेली फुलं दसऱ्याला झाडावरच सुकली.

घरी आले तर सासूबाई दारातच बसलेल्या. माझे हात बघून रागावल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "माह्या तोंडून काई निघालं का वं? म्हनून गेली का तू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या मनाचं ओझं उतरवायला गेले आणि ते त्या म्हातारीवर टाकून आले.

पुढच्या तपासण्यांत पडद्याखालचं पाणी आटलेलं दिसलं. आता चौकट सरळ दिसते. डॉक्टरबाईंचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्यावर ही पाळी आली तर घरात बसा, वाढलेलं खा. लाज वाटली तरी खा.

सासूबाईंना मी शंभरदा सांगितलं, "आई, तुमी काईच बोलल्या नाई." त्या मान हलवतात. त्यांना ते पटलंय, असं मला अजून वाटत नाही.