फादरांचं बाल्नेउम

आंघोळीची आठवण, तीही नाशिकच्या माणसाची, म्हणजे रामकुंड, घाट आणि पाण्यात उडी ठोकणारा मी, असं चित्र तुम्ही रंगवलंच असेल. पुसून टाका. ही आंघोळ लॅटिनमधली आहे. बाल्नेउम, म्हणजे स्नान, न्हाणीघर.

ऐंशी सालाच्या आसपास देवळाली कॅम्पात, चर्चमागच्या खोलीत एक म्हातारे गोवेकर फादर आम्हा चार-पाच कॉलेजच्या पोरांना हौसेनं लॅटिन शिकवायचे. दरवर्षी हा शब्द आला की खुलायचे. आधी खाकरायचे, मग सुरू. "आयक रे! हा मूळचा ग्रीक. बालानेइऑन. रोमला येईस्तोवर वाटेत अक्षरं गळाली, तुमचा साबण नदीत जातो तशी. आणि एकटा असला की नपुंसकलिंगी, बहुवचन झालं की एकदम बाई! बाल्नेए. घरातलं ते न्हाणीघर, गावातल्या त्या न्हाण्या. व्याकरणाचं डोकं फिरलं, तुझ्यासारखं."

हे सगळं मी त्यांच्या माघारी करून दाखवायचो. खोकल्यासकट.

मग त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. कायमचं गोव्याला जायच्या आदल्या दिवशी त्यांनी आम्हाला शेवटच्या तासाला बोलावलं. गळ्याला मफलर. फळ्यावर बाल्नेउम लिहिलं, तोंड उघडलं. नुसती हवा. पुन्हा उघडलं. पुन्हा हवा. मग खडू माझ्याकडे रोखला आणि स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं.

म्हणजे यांना सगळं माहीत होतं! माझी तंतरली. शेजारचा कुजबुजला, "कर ना लेका, एरवी थांबतोस का?"

उभा राहिलो, खाकरलो. "आयक रे!" पोरं खिदळली. साबणापर्यंत येता येता सगळ्यांच्या माना फादरांकडे वळल्या. फादर डोळे मिटून, ओठ हलवत स्वतःचाच आवाज ऐकत होते. ते बघितलं आणि मी नपुंसकलिंगावरच अडकलो, बहुवचन राहूनच गेलं.

अजूनही न्हाणीघराचं दार लावून मी तो आवाज काढतो. निघतो, पण पातळ निघतो. बादली भरून वाहते तरी नळ बंद करवत नाही. खरा आवाजच नाही, तर ताडून कशाशी बघू?

त्या दिवशी मात्र फादरांनी डोळे उघडले, उठले आणि खडू मोडेस्तोवर दाबून फळ्यावर लिहिलं, "गाढवा, मी इतका खोकत नाही. आणि बहुवचन कोण सांगणार, तुझा बाप?"