दार लावून मागितलेली माफी

शिंपीकाकांचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर असे. रोज सकाळी खोलीचं दार लावून, गुडघे टेकून ते प्रभूकडे कालच्या रागाची क्षमा मागत आणि दुपारपर्यंत पुन्हा कुणावर तरी खेकसत. तीस वर्षं तेच पाप आणि तीच प्रार्थना. देवालाही आता ती पाठ झाली असेल, या विचाराने त्यांना स्वतःचाच वैताग येई.

काल एका मास्तरांच्या कोटाची बाही आखूड निघाली. कोट बायकोने शिवला होता, म्हणून काकांनी त्यांच्यासमोरच तिला झापलं. मास्तर गेल्यावर वही उघडली, तर चुकीचं माप काकांच्याच अक्षरात.

आज प्रार्थना करून ते बाहेर आले, तेव्हा बायको त्या बाहीची दुमड उसवत बसली होती.

"झाली क्षमा मागून?" तिने मान वर न करता विचारलं.

"झाली."

"ओरडलात गिऱ्हाइकासमोर, आणि माफी दार लावून. तीही देवाकडे. मी काय फक्त ओरडा खायला आहे?"

काकांना दिवसभर काही सुचेना. संध्याकाळी मास्तर कोट न्यायला आले. काका दोनदा खाकरले.

"मास्तर, काल माप मीच चुकवलं होतं. हिला उगाच बोललो."

"असू द्या हो," म्हणत मास्तर कोट घेऊन निघाले. बायको मशीन थांबवून काकांकडे बघतच राहिली.

"बघतेस काय? कामं संपली का?" काका खेकसले, आणि त्यांनी जीभ चावली. मास्तर अजून दारातच होते.

"मास्तर," काका कपाळाला हात लावून म्हणाले, "जरा परत आत या."