नानांचा तुंबलेला प्लग

जगातली प्रत्येक वस्तू ठिबकच्या नळीसारखी चालते, असं मानणारा माणूस मी एकच पाहिला. ते माझे मामेसासरे. सगळं सावदा त्यांना नाना म्हणतं. जन्म केळीच्या बागेत गेला, त्यामुळे जे चालत नाही ते त्यांच्या मते तुंबलेलं असतं. घड्याळ थांबलं, तुंबलं. बँकेतला साहेब सही करत नाही, तोही तुंबला. गुडघा दुखायला लागला तेव्हा डॉक्टरांना म्हणाले, "खालून मोकळा करा, वरून औषध देऊन काय उपयोग?" डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, हे नेहमी असेच असतात का. मी म्हटलं, हो.

दुरुस्तीसाठी त्यांच्याकडे एक टेस्टर, एक पक्कड आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. त्या पट्टीने त्यांनी गळका नळ, खुर्चीचा पाय आणि चष्म्याची काडी बांधली आहे. मामी गेल्यापासून त्या जुन्या घरात ते एकटेच, म्हणजे अडवणारंही कोणी नाही.

मागच्या दिवाळीच्या तोंडावर मधल्या खोलीतला दिवा आणि त्याच बोर्डावरचा प्लग एकदम बंद पडले. बाकी घरात लाइट व्यवस्थित. एरवी नाना महिनाभर अंधारात बसले असते. पण पुण्याचा मुलगा येणार होता आणि त्याचं टुमणं ठरलेलं होतं: घर जुनं झालं, एक दिवस काहीतरी होऊन बसेल, आता पुण्याला चला. बंद बोर्ड म्हणजे त्याच्या हाती आयता मुद्दा. नानांना सावदा सोडायचं नव्हतं. मी सावद्यातच दोन गल्ल्या सोडून राहते, त्यांनी मला निरोप धाडला. माझं माहेर धुळ्याचं, वडिलांचं वायर-बटणांचं दुकान, त्यामुळे नात्यात असली कामं माझ्याच वाट्याला येतात.

जाऊन पाहते तर प्लगचं झाकण काढलेलं आणि तारा बाहेर लोंबताहेत.

"हे काय नाना?"

"टोक उघडं ठेवलं. नळीचं टोक उघडलं म्हणजे कचरा वाहून जातो ना. रात्रभर ठेवलं."

"मग, निघालं काही?"

"एक झुरळ निघालं," नाना म्हणाले. "पण लाइट काही आली नही."

टेस्टर लावला तर तो पेटला. नाना खूश. "लाइट तर आहे! बल्बच खराब." तोच बल्ब स्वयंपाकघरात लावला, छान लागला. मी म्हटलं, येणारी तार ठीक आहे, परतीची कुठेतरी सुटली असणार.

"परतीची?" नानांना ते मुळीच पटेना. "झाडाले पाणी दिलं ते दिलं. परत कशाले मागायचं?"

मी मेन स्विच बंद केला. तारा पुढच्या खोलीतल्या बोर्डावरून येत होत्या आणि तो बोर्ड उंचावर. मी स्टुलावर चढले, नानांनी स्टूल धरलं. झाकण काढलं तर परतीच्या तारेचा सांधा सुटलेला, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी.

"हे कोणी बांधलं?"

"आधीचा एक वायरमन होता," नाना म्हणाले.

त्या वायरमनला मी चांगली ओळखते. पट्टी काढून टाकली. सांधा नीट केला, मेन चालू केला, दिवा लागला.

मुलगा आला. त्याने बटण दाबलं, प्लगला मोबाइल लावून पाहिला. दोन्ही चालू. मुद्दा संपला होता. चहा घेताना त्याने सहज विचारलं, "इलेक्ट्रिशियन कोणता बोलावला?"

"इलेक्ट्रिशियन कशाले?" नाना म्हणाले. "मीच चढलो स्टुलावर."

मुलाने कप खाली ठेवला. "या वयात? स्टुलावर?"

"भाऊजी, मी चढले होते," मी म्हटलं. "नानांनी फक्त स्टूल धरलं."

"धरलं हिने," नाना म्हणाले. "मी हलका पडतो ना हिच्यापेक्षा."

दिवाळी आटोपली आणि मुलगा त्यांना गाडीत घालून पुण्याला घेऊन गेला.

किल्ली माझ्याकडे आहे. घर बंद दिसलं की चोरांचं फावतं, म्हणून संध्याकाळी जाऊन दार उघडते आणि मधल्या खोलीतला दिवा लावते. उजेड रस्त्यावरून दिसतो. कोणीतरी हमखास थांबतं आणि हाक मारतं, "नाना, आले का?" मग दारात येऊन मला सांगावं लागतं, नाही, मी आहे.