खेळातलं गाव कोरडं पडलं तेव्हा

मोताळ्याजवळच्या एका गावात मी शाळेत भूगोल शिकवते. भूजल आणि हवामानबदलाचे धडे मी पुष्कळ वर्षं जीव तोडून शिकवले. मुलं उत्तरं पाठ करायची, मार्क मिळवायची आणि विसरून जायची. माझी भाची कॉम्प्युटरचं काम करते. गणपतीत ती घरी आली आणि तिनं माझ्या वर्गासाठी एक गेम बनवून दिला. फार आशा न धरता मी तो शाळेतल्या कॉम्प्युटरांवर टाकून घेतला.

गेम साधा होता. पडद्यावर एक गाव आणि प्रत्येकाला एक वावर, म्हणजे शेत. पीक कोणतं घ्यायचं, बोअर मारायचा की नाही, नाल्यावर बांध घालायचा का, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. जमिनीखालचं पाणी मात्र सगळ्यांत मिळून एकच.

नववीच्या मुलांनी पहिल्याच तासाला धडाधड बोअर मारले आणि केळी लावली. मग खेळातला पाऊस लांबला आणि गाव कोरडं पडलं.

"तू काऊन इतके बोअर मारले बे?" एक जण शेजाऱ्यावर ओरडला. "माह्यं पानी तूच ओढलं!"

भांडण सोडवायला मला मध्ये पडावं लागलं, पण मनातून बरं वाटलं. भूजलावरून वर्गात भांडण पहिल्यांदाच होत होतं.

त्याच आठवड्यात एका मुलीचे वडील शाळेत आले. चांगले बागायतदार, बोलायला तडक.

"मॅडम, शाळेत पोट्ट्याईले गेम शिकवून राह्यले का तुमी? म्या बोअरची गाडी सांगून ठेवली, अन् माही पोरगी म्हनते, मारू नका."

"भाऊ, बसा. एकदा तुम्हीच खेळून बघा," मी म्हटलं.

ते कुरकुरत बसले. माउस मुलीच्या हातात, हुकूम त्यांचा. मुलांपेक्षाही लवकर त्यांनी गाव कोरडं केलं. मागे उभी मुलं हसली, तेही हसले. "पुन्हा लाव," म्हणाले. दुसऱ्या वेळी त्यांनी केळी सोडून हरभरा घेतला आणि गाव कसंबसं तगलं.

उठताना त्यांचा चेहरा गंभीर होता. "खेळात ठीक हाये, मॅडम. पन मी थांबलो अन् बाजूच्यानं मारला, तं?"

मुलगीच म्हणाली, "मंग त्याईले बी बोलवा ना खेळाले."

रविवारी त्यांनी शिवारातल्या शेजाऱ्यांना खरोखरच आणलं. कुणी टिंगल केली, कुणी चहा पिऊन निघून गेलं. बोअर न मारण्यावर एकमत काही झालं नाही. पण खेळात नाल्यावर बांध घातला की पाणी टिकतं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. आपल्या नाल्याला अजून धार आहे, एवढ्यावर बोलणं आलं आणि तिथून पुढे सरकलं.

दसऱ्यानंतर आम्ही नाल्यावर वनराई बंधारा घातला. मुलांनी घरोघरून खताच्या रिकाम्या गोण्या आणल्या, वाळू-माती भरून तोंडं शिवली. मुलीच्या वडिलांनी ट्रॅक्टर दिला आणि स्वतः पाण्यात उतरून थर रचले. पहिली रचना वाहून गेली, तेव्हा मुलांपेक्षा तेच जास्त चिडले. दुसरी टिकली.

त्या वर्षी त्यांनी बोअरची गाडी परत पाठवली. बाजूच्यानं मात्र बोअर मारलाच, आणि महिनाभर बापलेकीच्या घरात त्याच्यावरून धुसफूस चालली. बंधाऱ्यामागचं पाणी उन्हाळ्याच्या तोंडाशी आटलं. तरी नाल्याकाठच्या विहिरींचा उपसा नेहमीपेक्षा उशिरापर्यंत चालू राहिला, आणि त्यातली एक विहीर त्या बोअरवाल्याचीच होती. पुढच्या वर्षी गोण्या भरायला तो आपणहून आला. फावडं घेऊन मुलांच्या रांगेत उभा राहिला.